एका बोटाएवढी पट्टी

६ फेब्रुवारी
मोहम्मद बिन झायद सिटी, अबू धाबी

दादा,

मायन्यात नुसतं 'दादा' ठेवलंय. 'तीर्थस्वरूप' लिहायला हात वळला नाही, आणि 'प्रिय' लिहिलं असतं तर बहीण वठणीवर आली असं समजून तू पत्र वहिनीच्या हातात दिलं असतंस. वहिनी वाचत असेल तर तिला नमस्कार. तुला नाही.

तीन वर्षांनी लिहितेय त्याला कारण आहे. संरक्षण सामग्रीच्या प्रदर्शनाचे बॅज छापायला आले, त्यात तुझं नाव दिसलं. कर्नल चारुदत्त, निवृत्त, सल्लागार. तुझ्या ड्रोन कंपनीचं पॅव्हेलियन आमच्याच हॉलमध्ये आहे. आमच्या म्हणजे, हॉलमधल्या स्टॉलची सगळी व्यवस्था ज्या कंपनीकडे आहे तिथे मी कोऑर्डिनेटर आहे. कोणाला किती जागा, कुठे वीज, कोणता गालिचा, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. तुझ्या पॅव्हेलियनची वीजही मीच मंजूर केली. तेव्हा समोरासमोर येऊच. एअरपोर्टवर मी येणार नाही, आणि तू घरी यायचं म्हणशील तर आधीच सांगते, नको.

अस्मी बारावीला आहे. याच महिन्यात तिची बोर्डाची परीक्षा सुरू होतेय. तू पुण्यात जिच्यासाठी आम्हाला न विचारता शाळेत जागा पक्की करून आला होतास, तीच अस्मी. वेदांग मला सोडून कॅनडाला गेला, तेव्हा तू चार दिवसांसाठी इथे आलास. त्या चार दिवसांत तू आमच्या घरमालकाला फ्लॅट सोडतोय म्हणून सांगितलंस, माझ्या बॉसला फोन करून मी राजीनामा देणार म्हणून कळवलंस, आणि मग मला म्हणालास, "अनु, बॅगा भर." मला माझ्या राजीनाम्याची बातमी ऑफिसात कळली, दादा. मी नाही म्हटलं तर एअरपोर्टवर सगळ्यांसमोर म्हणालास, "एकटीच्या जिवावर किती दिवस टिकशील? तुझ्यात तेवढं बळ नाही. पुढे रडत आलीस तर दार उघडणार नाही."

आम्ही टिकलोय. नोकरी पक्की आहे. गाडी जुनी आहे पण एसी चालतो.

तुझ्या पॅव्हेलियनसमोरच्या रांगेत, कोपऱ्यात, एक अगदी छोटा स्टॉल आहे. हिंदी महासागरातल्या एका बेटांच्या देशाचा. देशाचं नाव लिहीत नाही, तू नकाशात शोधून हसशील. तिथली सगळी माणसं मोजली तर आपल्या सांगलीएवढीही भरणार नाहीत. छोट्या देशांना आयोजक फुकट जागा देतात, म्हणून ते आलेत. स्टॉलवर एकच बाई आहे, कमांडर यम्ना. तिच्या नौदलात गस्तीच्या तीन बोटी, त्यातली एक गोदीत पडून. ना विमान, ना रणगाडा. तिने स्टॉलवर काय मांडायला आणलंय माहीत आहे? एक नारिंगी लाइफ राफ्ट आणि एक वायरलेस सेट.

मी विचारलं, "बस, इतना ही?"

तिचं ट्रेनिंग कोचीला झालंय, मोडकंतोडकं हिंदी येतं. म्हणाली, "मॅडम, हमारे पास जो है वही लाई. जो नहीं है उसका फोटो क्यों लगाऊँ?"

मला ती फार आवडली. तुला कळवावंसं वाटलं, एवढंच.

अनुराधा


१८ फेब्रुवारी
प्रदर्शन हॉल, जेवणाची सुट्टी

दादा,

हे तुझ्या हॉटेलच्या रिसेप्शनवर ठेवतेय. मेल करणार नव्हते, तुझे मेल तुझ्या ऑफिसची मुलगी वाचते असं ऐकलंय.

तुझ्या कंपनीची तक्रार मिळाली. खाली तुझी सही. 'जमिनीवरच्या टेपमुळे आमच्या पाहुण्यांचे लक्ष विचलित होत आहे, सबब टेप काढून संबंधित स्टॉल मालवाहू दरवाजाजवळ हलवावा.' ती टेप मी लावली आहे. तक्रारीत 'संबंधित कर्मचारी' म्हणून जी कोण आहे ती तुझी बहीण आहे. आता माहीत नव्हतं म्हणू नकोस.

का लावली तेही ऐक.

परवा मांडणी चालू असताना यम्ना रडवेली होऊन माझ्याकडे आली. रडली नाही, ती तशी नाही. तिच्या देशाचे उपमंत्री इथे येणार आहेत आणि प्रदर्शन संपायच्या आदल्या दिवशी तुझ्या कंपनीबरोबर सही करणार आहेत. दोन ड्रोन, क्षेपणास्त्रांसकट, उधारीवर. तू स्वतः तिकडे दोनदा जाऊन आलास म्हणे. शेजारची मोठी राष्ट्रं कशी गिळतात याच्या स्लाइड्स दाखवल्यास. त्या हप्त्यांपायी पुढची काही वर्षं तिच्या बोटींना डिझेलसुद्धा पुरणार नाही.

मागच्या वर्षी त्यांच्याकडे प्रवासी फेरी उलटली. भर दुपारी, प्रवाळाच्या पलीकडे. एक बोट गोदीत, दुसरीचं इंजिन बंद, तिसरी घेऊन यम्ना निघाली आणि वायरलेसवर कोळ्यांना हाका मारत राहिली. बावीस होड्या आल्या. बहुतेक सगळी माणसं वाचली. जी वाचली नाहीत त्यांची नावं तिने मला सांगितली, मी विचारली नव्हती तरी.

"ड्रोन ऊपर से देखेगा, मॅडम," ती म्हणाली. "पानी में हाथ कौन डालेगा?"

तिला उपमंत्र्यांना समजावायचं होतं, पण तिच्याकडे स्लाइड्स नाहीत, तुझ्यासारखा आवाज नाही, आणि ती हुद्द्याने लहान. मी म्हटलं, तुमचा वर्षाचा सगळा संरक्षण खर्च म्हणजे एक बोट धरू. हाताचं बोट, एवढी रुंदी. त्याच मापाने बाकीच्या देशांचा खर्च किती लांब जाईल ते आपण जमिनीवरच दाखवू. आकडे कुठे लपवलेले नसतात, दर वर्षी छापून येतात. अस्मीने अभ्यास सोडून गणित करून दिलं आणि म्हणाली, "मम्मा, धिस इज इन्सेन. यू नीड मोर टेप."

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात सुजाताताईंचं बोर्ड आणि छपाईचं वर्कशॉप आहे, आमचं सगळं काम तिथेच होतं. त्यांच्याकडून नारिंगी टेपची रिळं आणली. काल सकाळी हॉल उघडायच्या आधी यम्ना आणि मी गुडघ्यांवर बसून टेप लावली. तिच्या स्टॉलपाशी सुरुवातीला बोटाएवढा तुकडा. तिथून पुढे सरळ रेघ. शेजाऱ्यांच्या खुणा, मग मधल्या देशांच्या, मग तुझ्या पॅव्हेलियनच्या दारासमोरून पुढे आपल्या देशाची खूण पार हॉलच्या टोकाला. सगळ्यात मोठ्याची पट्टी दरवाजातून बाहेर पडली, कार पार्क ओलांडून कुंपणाला लागली आणि तिथे टेप संपली. कुंपणावर मी बाण काढून 'पुढे चालू' लिहिलं.

पट्टीवर कुठल्याच देशाचं नाव नाही, दादा. नुसत्या खुणा आणि वर्षाच्या खर्चाचे आकडे आहेत. ज्याला टोचली त्याने आपली आपण ओळखली.

तुझी तक्रार आल्यावर आमचा प्रोजेक्ट मॅनेजर नीरव धावत आला. चांगला माणूस आहे, मुंबईचा, फक्त घाबरट. "अनुराधा, यल्ला, टेप काढ. विषय खलास कर. एवढे मोठे क्लायंट आहेत, का पंगा घेतेस?" मी म्हटलं, नियम दाखवा. तो म्हणाला, नियम नाही, शहाणपण. मी म्हटलं, ते माझ्याकडे आहे, नियमच दाखवा.

मग हॉलच्या सुरक्षेचे अधिकारी आले, फहद. इथलेच, अबू धाबीचे, पण हिंदी सफाईने बोलतात. त्यांनी पट्टीवर बुटाचं टोक घासून बघितलं.

"टेप से कोई गिरेगा?"

"नहीं."

"फायर एक्झिट बंद है?"

"नहीं."

"किसी देश का नाम लिखा है? किसी की इन्सल्ट?"

"नहीं."

"तो कंप्लेंट किस बात की है, हबीबी?" हे नीरवला. फहद निघून गेले.

तर पट्टी राहणार आहे.

अनुराधा

ता. क. 'लक्ष विचलित होत आहे' असं लिहिलंयस ना, ते खरं आहे. तुझ्या ड्रोनकडे बघायला आलेले लोक खाली बघत चालत बाहेर जातात. मी स्वतः बघितलं.


१९ फेब्रुवारी

दादा,

तुझा निरोप नीरवमार्फत मिळाला. 'तिला सांगा, पोरकटपणा बंद कर, नाहीतर मी तिच्या मॅनेजमेंटशी बोलतो.'

याआधीही बोलला होतास. बोल.

अनुराधा


९ एप्रिल
मोहम्मद बिन झायद सिटी

दादा,

प्रदर्शनात काय झालं याची तुझी बाजू तू वहिनीला सांगितली असशीलच. ही माझी. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी उपमंत्री आले. सहीच्या टेबलावर तुझ्या लोकांनी झेंडे मांडून ठेवले होते. रिवाज म्हणून ते आधी स्वतःच्या देशाच्या स्टॉलवर आले. पांढऱ्या दाढीचा, दमलेला माणूस. मला वाटलं होतं, यम्ना काही भाषण करेल. तिने फक्त खालचा तुकडा दाखवला आणि त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलली. नंतर तिने मला अर्थ सांगितला: "साहेब, हे आपण. ड्रोन घेतले आणि खर्च दहापट केला, तर हे आपण." असं म्हणून ती गणवेशातच खाली बसली आणि दोन्ही पंजे गालिच्यावर शेजारी शेजारी ठेवले. दहा बोटं. मग मान वर करून पट्टी जिकडे जात होती तिकडे बघत राहिली.

उपमंत्र्यांनी तिला उठ म्हटलं नाही. ते तिच्या हातांकडे बघत होते. मग पट्टीवरून चालायला लागले. तुझ्या पॅव्हेलियनच्या दारात तू उभा होतास, हात पुढे केलेला. ते तुझ्या समोरून गेले, दादा, मान खाली घालून, खुणा बघत. त्यांचे लोक मागे, यम्ना मागे, मी सगळ्यात मागे. दरवाजातून बाहेर, उन्हात. कार पार्कमध्ये एक ड्रायव्हर डबा खात बसला होता, त्याने पाय आखडून वाट दिली. कुंपणापाशी पोचल्यावर उपमंत्र्यांनी बाणाकडे बघून इंग्रजीत विचारलं, "अजून किती पुढे?"

मी म्हटलं, "सर, माझ्याकडची टेप संपली."

ते हसले. मोठ्याने नाही. मग यम्नाला म्हणाले, "गोदीतली बोट दुरुस्त व्हायला काय लागेल?"

तेव्हा मी वॉशरूममध्ये जाऊन रडले, हे तुला सांगायचं नव्हतं. पण आता लिहिलंच. आनंदाने नव्हे, भीतीने. कारण माझ्या मॅनेजमेंटला तू केलेल्या फोनचं उत्तर मला सकाळीच मिळालं होतं. माझं काँट्रॅक्ट मार्चअखेर संपतंय आणि पुढे वाढवणार नाहीत. पहिल्या पत्रात नोकरी पक्की आहे असं लिहिलं होतं, तेव्हाही ती पक्की नव्हती. तू येणार म्हणून ताठ मानेने लिहिलं. आणि इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, माझ्या व्हिसावर अस्मी आहे, आणि तिचे पेपर चालू होते. हे सगळं डोक्यात घेऊनच मी त्या पट्टीवरून चालत होते.

सही झाली नाही. तुझे झेंडे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी हॉल रिकामा व्हायला लागल्यावर तू आलास. गुडघा दुखत होता तुझा, लंगडत होतास. मी टेप उचलायला नुकतीच वाकले होते.

"समाधान झालं?" तू म्हणालास.

"अजून उचलायची आहे, मग होईल."

"अनु, तुला काय वाटतं, मी त्यांना लुबाडायला निघालो होतो? मी सीमेवर आयुष्य काढलंय. ज्याच्या हातात काही नसतं त्याला कोणी विचारत नाही. उद्या कोणी त्यांच्या बेटावर झेंडा रोवला तर तुझी ती कमांडर काय, लाइफ राफ्ट फेकून मारणार?"

तुझं सगळंच चुकीचं आहे असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. मोठे गिळतात, मला माहीत आहे. पण मी तुला विचारलं होतं, "आणि दोन ड्रोन घेतले की नाही गिळणार? ही पट्टी बघून सांग."

तू गुडघा चोळत पट्टीकडे बघितलंस.

"मग त्यांना काय विकत होतास, दादा? बळ की भीती?"

"तू माझ्या धंद्याबद्दल बोलू नकोस."

"तू माझ्या नोकरीबद्दल बोललास. दोनदा."

तेव्हा पहिल्यांदा तू माझ्याकडे नीट बघितलंस. "काढलं तुला?"

"मार्चअखेर."

तू वळून पट्टीवरून चालायला लागलास, लंगडत. मी तुला हाक मारली नाही. पार बाहेर कुंपणापर्यंत जाऊन आलास. परत आल्यावर घामाने शर्ट ओला झालेला, आणि तू काय म्हणालास? "आपल्या देशाची खूण चुकलीय. तू गेल्या वर्षीचा आकडा धरलास. यंदाचा वाढलाय."

मला हसू आवरेना. म्हटलं, "दाखव मग, कुठपर्यंत."

तू मुकाट्याने चार पावलं पुढे जाऊन बुटाने जागा दाखवलीस. मी टेप फाडून तिथे खूण केली. पाच मिनिटांत उचलायची होती, तरी केली. बरोबर ते बरोबर.

मग तुला माणसं बोलवायला आली आणि तू गेलास. जाताना काही म्हणाला नाहीस. मला बरं वाटलं. काही म्हणाला असतास तर पुन्हा भांडण झालं असतं.

आता परवाच्या मेसेजबद्दल. 'घरातली वरची खोली रंगवून घेतली आहे. अस्मीसाठी फर्ग्युसनमध्ये चौकशी केली आहे. तिकिटं काढू का?' शेवटी प्रश्नचिन्ह आहे, हे मी बघितलं. तीन वर्षांपूर्वी नव्हतं. त्याची नोंद घेतली.

उत्तर: नको.

सुजाताताईंनी मला त्यांच्या वर्कशॉपात घेतलं आहे. व्हिसा त्यांच्याकडून झाला, काल शिक्का बसला. पगार तीन हजार दिरहमने कमी, म्हणजे सत्तर हजार रुपये, हे मी मोठ्याने बोलून दाखवलं तर अस्मी म्हणाली, "मम्मा, स्टॉप कन्व्हर्टिंग. वी लिव्ह हिअर." तिचे पेपर संपले. चांगले गेले म्हणते. तिला समुद्राचं काहीतरी शिकायचंय, यम्नाशी रोज बोलते. पुढे काय ते ती ठरवेल, मी नाही, आणि तूसुद्धा नाही.

यम्नाचा फोन आला होता. गोदीतली बोट पाण्यात उतरली. उपमंत्र्यांना उन्हात चालवल्याबद्दल तिला वरून बोलणी बसली, लेखी. ते पत्र तिने चौकटीत लावलंय म्हणे.

आम्ही शारजाला राहायला जातोय, वर्कशॉपपासून जवळ. एकच बेडरूम आहे. खाली गॅरेज, दिवसभर ठोकाठोकी. खिडकीतून समुद्र दिसत नाही, टायरांचा ढीग दिसतो. मला आवडलंय घर. भाडेकरारावर सही माझी आहे आणि घरमालकाला मी सांगून ठेवलंय की माझ्या नावाने कोणाचाही फोन आला, कितीही मोठा आवाज असला, तरी फक्त माझं ऐकायचं.

तुला यायचं असेल तर हॉलमध्ये गादी घालून देईन. गुडघ्यासाठी खाली बसायची सक्ती नाही, एक खुर्ची आहे. जेवणात तुझ्या पथ्याचं करेन. पण आधी विचार. आणि मी हो म्हणेनच असं धरून चालू नकोस.

अनुराधा